ताईंच्या गावी सुगीला: बँकॉक ते सुरिन

थायलंडला जाऊन आलेल्यांकडून पटाया, फुकेत, मसाज, शॉपिंग एवढंच ऐकायला मिळतं. त्यात वाईट काही नाही, पण मला बघायचं होतं की तिथली माणसं सकाळी उठून करतात काय, कामाला कशी जातात, शेत कोण बघतं, म्हातारी माणसं कुणाच्या जिवावर राहतात. माझी मावसबहीण बरीच वर्षं बँकॉकला आहे आणि तिच्याकडे घरकामाला येणाऱ्या ताई सुरिन जिल्ह्यातल्या, म्हणजे ईशान्येकडच्या इसान भागातल्या. दर नोव्हेंबरात त्या भात कापणीला सुट्टी घेऊन गावी जातात. या वेळी मीच म्हणलं, मला न्याल का सोबत? त्या लगेच हो म्हणाल्या. मी आजऱ्याची, घरात घनसाळ भात पिकवतात आणि नोकरी शेतीकर्जाच्या टेबलावर, त्यामुळे भात आणि कर्ज या दोन गोष्टी दिसल्या की माझे पाय तिथेच थांबतात, पुढचं वाचताना हे लक्षात ठेवा.

सोमवार, ११ नोव्हेंबर २०२४, बँकॉक

बहिणीचं घर सुखुमवितच्या एका सोईत, सोई म्हणजे मोठ्या रस्त्याला फुटलेली लांबलचक गल्ली, आणि अशा बऱ्याच गल्ल्या पुढे बंदच असतात त्यामुळे बस आत येत नाही. मग घरापासून स्टेशनपर्यंतचं अंतर कसं कापायचं तर मोटरसायकल टॅक्सीने. प्रत्येक सोईच्या तोंडाशी ठरलेली जागा असते, तिला विन म्हणतात, तिथे नारिंगी जॅकेट घातलेले दादा नंबराने बसलेले असतात, ज्याची पाळी त्याने गिऱ्हाईक घ्यायचं, भांडण नाही ओढाओढ नाही. जॅकेटवर नंबर आणि विभाग लिहिलेला. ताईंचा धाकटा भाऊ अशाच एका विनवर गाडी चालवतो, तो सकाळी मला भेटायला मुद्दाम आला होता.

त्याच्याशी बोलताना (ताई मध्ये दुभाषी, त्यांना बहिणीच्या घरात राहून मोडकं इंग्लिश आणि बरंच मराठी येतं) कळलं की त्याच्या विनवरचे जवळजवळ सगळे इसानचे आहेत. सकाळी साडेसहा ते दहा आणि संध्याकाळी चार ते नऊ हाच धंदा, मधल्या वेळात पार्सल पोचवायची, कुणाची बिलं भरायची, शाळेतून पोरं आणायची. ॲपवाल्या गाड्या आल्यापासून कमाई कमी झालीय. पेट्रोल जाऊन दिवसाला सहाशे-सातशे बाट सुटतात म्हणाला, बाट तेव्हा अडीच रुपयांच्या आसपास होता. २०२४ मध्ये बँकॉकचं किमान वेतन दिवसाला ३६३ बाट होतं, त्या मानाने बरं, पण खोलीचं भाडं, गाडीचा हप्ता आणि गावी पाठवायचे पैसे त्यातूनच.

आठ वाजता आम्ही स्टेशनात होतो आणि स्पीकरवर राष्ट्रगीत सुरू झालं. चालणारी सगळी माणसं जिथल्या तिथे उभी. संपलं की परत धावपळ. रोज सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला असं होतं.

दुपारी सेन सेप कालव्यातल्या बोटीने गेले. टुरिस्टांची नव्हे, ऑफिसला जाणाऱ्यांची बोट. १९९० पासून चालू आहे, साधारण १८ किलोमीटरचा मार्ग, तिकीट दहा-वीस बाटांच्या घरात आणि वरच्या रस्त्यावर ट्रॅफिक तुंबलेलं असताना खालून ही बोट सुसाट. पाणी काळं आणि वास मारणारं, म्हणून दोन्ही बाजूंना ताडपत्रीचे पडदे असतात, समोरून दुसरी बोट आली की कडेला बसलेली माणसं दोरी ओढून पडदा वर घेतात, आणि बोट गेली की सोडतात. कुणी कुणाला सांगत नाही, हात आपोआप जातो. तिकिटं फाडणारी बाई हेल्मेट घालून बोटीच्या बाहेरच्या काठावरून, हातभर रुंदीही नाही त्या पट्टीवरून, दोरी धरून चालते आणि आत वाकून पैसे घेते. धक्क्याला बोट पूर्ण थांबतसुद्धा नाही, माणसं उडी मारून उतरतात, त्यात ऑफिसचा घट्ट स्कर्ट आणि टाचेचे बूट घातलेल्या मुलीसुद्धा. मी बराच वेळ फक्त त्या तिकीटवाल्या बाईकडे बघत होते. दिवसभर हे काम करायचं म्हणजे पोटऱ्यांचं काय होत असेल.

मंगळवार, बँकॉक, ख्लोंग तोई

पहाटे चारला उठून बाजार. ख्लोंग तोईचा बाजार दिवसरात्र चालतो पण खरी गर्दी पहाटेची, कारण रस्त्यावर खाण्याची गाडी लावणारे सगळे तेव्हा माल भरतात. बँकॉकचं ते प्रसिद्ध स्ट्रीट फूड सुरू होतं ते इथून. एक काकू दिसल्या, पपईची कोशिंबीर म्हणजे सोम ताम विकणाऱ्या. हिरव्या पपया दाबून बघत होत्या, नखाने किंचित खरवडायच्या आणि चीक कसा येतो बघून बाजूला ठेवायच्या. मग लिंबं, मग मिरच्या, मग वाळलेली कोळंबी, मग पला रा म्हणजे तांदळाच्या कोंड्यात मुरवलेला मासा, त्याचा वास लांबूनच येतो आणि इसानच्या माणसाचं जेवण त्याशिवाय होत नाही. सगळं मोटरसायकलला जोडलेल्या साइडकारमध्ये रचून सहाच्या आत गेल्यासुद्धा. सकाळी सातला गाडी लागली पाहिजे, ऑफिसवाले येताना डबा म्हणून बांधून नेतात. बँकॉकच्या भाड्याच्या खोल्यांमध्ये बऱ्याचदा धड स्वयंपाकघर नसतं, म्हणून रस्त्यावरचं खाणं ही तिथे चैन नाही, ते रोजचं जेवण आहे. मला हे आधी कधी सुचलंच नव्हतं.

पाट्या वाहणारी, कोंबड्या सोलणारी, बर्फ फोडणारी बरीच पोरं म्यानमार आणि कंबोडियाची. म्हणजे इसानची माणसं पूर्वी जी सगळ्यात कष्टाची कामं करायची ती आता शेजारच्या देशातली करतात. ताईंनीच हे सांगितलं, अगदी सहज, टोमॅटो निवडताना.

बाजाराच्या पलीकडे बंदराच्या जागेवरची मोठी वस्ती आहे. बंदर बांधायला आणि चालवायला गावाकडून आलेले मजूर तिथेच राहिले, पिढ्या झाल्या. पत्र्याची आणि लाकडी घरं, मधून फळ्यांच्या किंवा सिमेंटच्या बोळी, पण बोळ झाडलेली आणि प्रत्येक दारात कुंड्या. इथल्याच प्रतीप उंगसोंगथम या मुलीने १९६८ साली, वय सोळा, घरातच शाळा सुरू केली, दिवसाला एक बाट फी. वस्तीतल्या मुलांकडे जन्मदाखले नसायचे त्यामुळे सरकारी शाळा घ्यायची नाही, म्हणून ही शाळा. १९७८ मध्ये तिला मॅगसेसे मिळालं आणि त्या पैशातून दुआंग प्रतीप फाउंडेशन उभं राहिलं, ते आजही तिथेच काम करतंय. आम्ही बाहेरूनच बघितलं, बालवाडीची पोरं रांगेत दात घासत होती. कागद नाही म्हणून माणूस मोजला जात नाही ही गोष्ट मी रोज माझ्या टेबलावर बघते, त्यामुळे तिथून हलायला मला वेळ लागला.

कागदावरून आठवलं, ताईंचं आणि त्यांच्या भावाचं नाव अजूनही गावच्या घराच्या निळ्या नोंदवहीत आहे. वीस वर्षांच्या वर बँकॉकला राहूनसुद्धा मत द्यायला सुरिनला जातात. बँकॉकची नोंदणीतली लोकसंख्या ५५ लाखांच्या आसपास, राहणारी माणसं त्याहून कितीतरी जास्त, आणि ती जी वरची माणसं आहेत ती ताईंसारखी. शहर चालवतात पण कागदावर शहरात नाहीत.

बुधवार, रेल्वे

पूर्वी बहुतेक गाड्या हुआ लाम्फोंगच्या १९१६ सालच्या जुन्या स्टेशनातून सुटायच्या, जानेवारी २०२३ पासून लांबच्या गाड्या क्रुंग थेप अफिवत नावाच्या नव्या अवाढव्य स्टेशनातून जातात. विमानतळासारखं चकचकीत, पण ताईंना जुनंच आवडतं, तिथे जमिनीवर सतरंजी टाकून जेवता यायचं म्हणतात.

आम्ही मुद्दाम थर्ड क्लासने गेलो, पंख्याचा डबा, खिडक्या उघड्या. सुरिन ४२० किलोमीटर. अयुथया गेलं, सराबुरी गेलं, मग गाडी डोंगर चढायला लागते आणि वर गेलं की कोरातचं पठार. हा बँकॉक-कोरात रस्ता थायलंडच्या अगदी पहिल्या रेल्वेमार्गांपैकी, १९०० साली पूर्ण झालेला. डोंगराच्या खाली भाताला पाटाचं पाणी आहे, वर्षाला दोन पिकं निघतात. वर पठारावर पावसावरच सगळं, एकच पीक. इसान गरीब का आणि तिथली माणसं बँकॉकला का, याचं निम्मं उत्तर खिडकीतूनच दिसतं.

प्रत्येक मोठ्या स्टेशनला विकणाऱ्या बाया चढायच्या, बांबूच्या चिमट्यात धरून भाजलेली कोंबडी आणि पिशवीत चिकट भात, पुढच्या स्टेशनला उतरून उलट्या गाडीने परत. मी शाकाहारी, माझ्यासाठी ताईंनी उकडलेली मक्याची कणसं आणि पेरू घेतला. पेरूसोबत तिखट-मीठ-साखर मिळते, झकास लागतं.

समोरच्या बाकावर एक तरुण जोडपं, दोघंही चोनबुरीच्या कारखान्यात, मांडीवर दोन वर्षांचं बाळ. बाळाला आजीकडे ठेवायला निघाले होते. दोघांची शिफ्ट, सांभाळायला कोणी नाही. आई पोराच्या केसांतून सारखा हात फिरवत होती. बुरीरामला उतरले. ताई म्हणाल्या, माझीही दोन तशीच वाढली.

सुरिनला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. गावात हत्तींच्या मेळाव्याची तयारी, तो नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्याअखेर असतो, १९६० पासून, हॉटेलं फुल्ल. आम्हाला काय, भाच्याची पिकअप आली आणि आम्ही चोम फ्राच्या पुढे गावाकडे.

गुरुवार, शेत

सकाळी सहाला गावच्या मुखियाचा लाउडस्पीकर. आधी गाणं, मग सूचना: आज कोणाकडे मशीन येणार, बीपी तपासायला कधी यायचं, कोणाची म्हैस सुटलीय. मग भिक्खू येतात, आजी (ताईंची आई, सत्तरी पार) दाराशी गुडघ्यावर बसून भात वाढते. इथला भात मोकळा, चिकट नव्हे. इसानचं नाव काढलं की चिकट भात असं मी वाचून गेले होते, पण सुरिनच्या या पट्ट्यात घरात ख्मेर बोलतात आणि जेवणात साधा भात असतो, शेजारच्या लाओ बोलणाऱ्या गावात गेलं की चिकट.

भाताची जात खाओ डोक मली १०५, जगात ज्याला जस्मिन राइस म्हणतात तो. १९५० च्या दशकात चाचेंगसाओ प्रांतातून १९९ लोंब्या गोळा केल्या होत्या, त्यातली १०५ नंबरची निवडून निघाली आणि १९५९ मध्ये सरकारने ती वाटायला सुरुवात केली. म्हणजे सगळ्या देशाचा सुगंधी तांदूळ एका लोंबीच्या पोटचा! हा वास जस्मिनच्या फुलाचा नाही, बासमतीत आणि आपल्याकडे कुंडीत लावतात त्या बासमतीच्या पानात जो असतो तोच. मी शेतात उतरल्या उतरल्या एक लोंबी हातावर चोळली, तूस फुंकून दाणा दाताखाली धरला. लांब, काचेसारखा, घनसाळपेक्षा कितीतरी लांब. वास मात्र घरचा आला.

या जातीची एक खोड म्हणजे पेरा कधीही, दिवस लहान व्हायला लागले की ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात फुलणार म्हणजे फुलणार. त्यामुळे इसानमधलं थुंग कुला रोंगहाईचं अफाट मैदान, वीस लाख राईंच्या वर आणि पाच प्रांतांत पसरलेलं, सगळं एकाच वेळी पिकतं. (अडीच राई म्हणजे साधारण एक एकर.) सगळ्यांना मशीन एकाच आठवड्यात पाहिजे, सगळ्यांचं भात गिरणीवर एकाच आठवड्यात, आणि भाव नेमका तेव्हाच पडतो. उन्हापावसात वर्षभर राबायचं आणि विकायच्या दिवशी शेजाऱ्याचं भातच आपल्या भाताचं वैरी. आजीला भाव बोलून दाखवायला आवडत नाही, तोंड फिरवते.

घरची जमीन चौदा राई. दोन राई सकाळी आम्ही विळ्याने कापलं, ते बियाण्याचं आणि घरी खायचं, शिवाय त्या कोपऱ्यात मशीन वळत नाही. तिथला विळा आपल्यापेक्षा लांब आणि जास्त वाकलेला, एका ओढीत जास्त मूठ येते. बांधावर शेजारच्या बाया होत्या, सगळ्यांची तोंडं कापडाने गुंडाळलेली, वर टोपी, आणि वय बघाल तर साठीच्या आतली एकही नाही. कापणारे हात म्हातारे, तरुण सगळे बँकॉक, चोनबुरी, काहीजण तैवान, कोरिया, इस्राएल. मागच्या वर्षी इस्राएलमध्ये थाई शेतमजूर मारले गेले, ओलीस धरले गेले, ते बहुतेक या इसानचेच. बाया त्यावर बोलल्या, पण खूप हळू आणि थोडंच, मी पुढे विचारलं नाही.

दुपारी मशीन आलं, चालवणारा मध्य थायलंडचा, पीक पिकत जाईल तसा मशीन घेऊन फिरतो. बारा राई दुपारभरात उरकलं. राईला ६०० म्हणजे ७,२०० बाट. आजीकडे रोख नव्हते. मशीनवाल्याने केबिनच्या काचेवर चिकटवलेला क्यूआर कोड दाखवला, ताईंनी त्याचा फोटो लाइन या चॅट ॲपवरून भावाला पाठवला. भाऊ तेव्हा विनवर पाळीची वाट बघत बसलेला. थोड्या वेळात मशीनवाल्याचा फोन वाजला, त्याने स्क्रीन बघितली, मान हलवली, इंजिन चालूच होतं, आणि गेला पुढच्या शेताला. भाऊ कापणीला येत का नाही हे मला तिथे कळलं. तो आला तर मशीनचे पैसे कोण देणार? बँकॉकच्या सोईत एकेका फेरीला पंधरा-वीस बाट घेऊन तो इथलं भातच कापतोय, फक्त चारशे किलोमीटरवरून. आमच्याकडे आजरा, चंदगड, गडहिंग्लजमधून घरटी एक माणूस मुंबईच्या कापड गिरणीत असायचा आणि त्याच्या मनीऑर्डरवर खत-बियाणं यायचं, अगदी तेच, मनीऑर्डरच्या जागी मोबाइल आलाय.

म्हणून मला ग्रामीण थायलंड वेगळं आणि शहरी थायलंड वेगळं असं लिहिलेलं वाचलं की पटत नाही. हे एकच घर आहे, निम्मं इथे झोपतं निम्मं तिथे.

शुक्रवार, रेशीम आणि पौर्णिमा

आजीची बहीण घराखाली, म्हणजे लाकडी खांबांवरच्या घराच्या खालच्या मोकळ्या जागेत, रेशीम काढते. मातीचं मडकं, खाली निखारे, पाणी उकळायच्या जरा आधी ठेवायचं. त्यात पिवळेधमक कोष. हातात एक चपटी काडी, तिने कोष दाबायचे, हलवायचे, आणि दहा-वीस कोषांचे तंतू एकत्र होऊन मडक्यावरच्या लाकडी चाकावरून वर येतात आणि खाली टोपलीत पडत राहतात. गुंडाळत नाहीत, नुसते पडू देतात, गुंता होत नाही. डोळे मडक्यावर नाहीतच, बोटांना कळतं की तंतू बारीक झाला, की ती दोन कोष पुढे ढकलते. आतल्या अळ्या उकडल्या की पोरं मीठ लावून खातात, मी खाल्ल्या नाहीत. मग रंगवायच्या आधी धाग्याला जागोजागी गाठी मारायच्या, लाल रंग लाखेचा, निळा निळीचा. सुरिनची होल नावाची नक्षी अशीच होते, गाठी सोडल्यावर रंगाच्या कडा जराशा पुसट राहतात आणि तीच तिची शोभा.

एका नेसायच्या कापडाला महिना-दीड महिना. घरातली कामं, नातवंडं, शेण-पाणी सांभाळून. विकत कोण घेतं विचारलं तर म्हणाली, शिक्षिका, ऑफिसातल्या बाया आणि लग्नवाले. २००१ मध्ये सरकारने गावोगावच्या वस्तू विकायची ओटॉप नावाची योजना काढली तेव्हापासून जत्रेत स्टॉल मिळतो, तिथे बरं जातं. पण तिच्या पोरींपैकी एकीनेही हात लावलेला नाही. सात-अकराच्या, म्हणजे सेव्हन इलेव्हनच्या दुकानात काउंटरवर महिन्याला ठरलेला पगार मिळतो, मडक्यापुढे कोण बसेल. मला वाईट वाटलं पण पोरींची चूक आहे असं मी म्हणणार नाही.

दुपारी सुरिनजवळच्या था सवांगला नेलं. तिथे जरीचं रेशीम विणतात, माग इतका उंच की खाली खड्डा खणून त्यात एक माणूस बसवलेला. नक्षीसाठी १,४१६ वह्या, म्हणजे ताण्याचे धागे वर-खाली करणाऱ्या दोऱ्या, चार जण मिळून एक माग चालवतात, आणि दिवसाला सहा-सात सेंटिमीटर कापड. २००३ च्या बँकॉकच्या एपेक (आशिया-पॅसिफिक देशांच्या) परिषदेत पुढाऱ्यांना दिलेले शर्ट इथल्या कापडाचे. खड्ड्यातल्या पोराला वरून हाक आली की तो एक दोरी सोडतो, दुसरी अडकवतो, दिवसभर हेच. इथे मात्र तरुण दिसले, कारण इथे रोजगार रोजच्या रोज मिळतो. फरक तेवढाच आहे. कला मरते वगैरे आपण बोलतो, पण पगार असला की पोरं येतात.

रात्री लोय क्राथोंग. बाराव्या महिन्याची पौर्णिमा, आपली त्रिपुरी पौर्णिमाच, त्यामुळे दिवे सोडायचं मला नवीन नव्हतं. केळीच्या सोपट्याची चकती, भोवती पानांच्या दुमडलेल्या पाकळ्या, झेंडू, उदबत्ती, मेणबत्ती. गावच्या तळ्यावर सगळे. नातवंडांनी आईबाबांना व्हिडिओ कॉल लावून फोन तळ्याकडे धरला होता आणि पलीकडून आई ओरडत होती की पाण्याच्या जवळ जाऊ नका.

शनिवार, वाळवण

मशीनचं भात ओलं असतं, २५-३० टक्के ओल, ती १५ च्या आसपास आणली तर गिरणीवर भाव बरा. म्हणून गावचा डांबरी रस्ता एका बाजूने निळ्या जाळ्यांनी झाकलेला आणि त्यावर भात. गाड्या निमूट दुसऱ्या बाजूने जातात. दर तासाला भातातून पाय ओढत चालायचं, सऱ्या पडतात, खालचं वर येतं. हे काम मला कुणी शिकवावं लागलं नाही, आजीने नुसतं बघितलं आणि तिच्या दोन जाळ्या मला देऊन सावलीत बसली. पायाला तूस लागून रात्री खाज सुटली ती वेगळी.

बसल्या बसल्या हिशेब विचारला. आजीला महिन्याला ७०० बाट वृद्धभत्ता, सत्तरीनंतर तेवढा मिळतो. दवाखाना जवळजवळ फुकट, २००१-०२ च्या तीस बाटांच्या योजनेपासून. गावातली आरोग्य स्वयंसेविका घरी येऊन बीपी बघते, अशा देशभर दहा लाखांच्या वर आहेत, ही पद्धत १९७७ पासूनची. शेतीकर्ज बीएएसी या सरकारी शेतीबँकेचं, ते भात विकून दरवर्षी नवंजुनं करायचं. २००१ मध्ये सरकारने प्रत्येक गावाला दहा लाख बाटांचा फंड दिला, त्यातूनही उचल. एक उचलून दुसरं भरायचं, दुसरं उचलून पहिलं. मी माझ्या टेबलावर हे रोज बघते, तिथे उपदेश करायची मला इच्छा झाली नाही. तिच्याकडे दुसरा रस्ता काय आहे ते मलाही सांगता आलं नसतं.

चारच्या सुमारास सगळ्या घरांतून एकच आवाज, लॉटरीचा. महिन्याच्या १ आणि १६ तारखेला सोडत, तिकीट ८० बाट, पहिलं बक्षीस ६० लाख. शेवटचे दोन आकडे जुळले तरी दोन हजार मिळतात. आजीने स्वप्नातल्या हत्तीवरून आकडा धरला होता. लागला नाही. बँकॉकला रस्त्यावर लॉटरी विकणारे बरेच जण इसानच्याच लोएई प्रांतातले असतात, म्हणजे तिकीट विकणारा इथला आणि घेणाराही इथलाच.

रविवार-सोमवार, परत

नेहमीच्या बसने रात्री निघालो. बसच्या पोटात बॅगा कमी आणि पोती जास्त. नवा तांदूळ, मिरच्या, पला राच्या तीन-तीन पिशव्यांत बांधलेल्या बाटल्या, चिंच. दोन जणी शेजारच्या गावच्या, मोलकरीण म्हणून काम करतात, पोरांना सोडून निघाल्या होत्या आणि पहिला तासभर कुणीच बोललं नाही. मग एकीने संत्री काढली, सगळ्या बसला वाटली.

पहाटे बँकॉकच्या मो चित बस स्टँडवर उतरलो, ताईंचा भाऊ गाडी घेऊन हजर. वीस किलोचं पोतं त्याने टाकीपुढे आडवं ठेवलं, हा त्याचा दोन-तीन महिन्यांचा तांदूळ. शहरात जस्मिन तांदूळ विकत घ्यायचा म्हणजे परवडत नाही, स्वतःचा असला की जेवण निम्म्या पैशात होतं. ताईंनी त्याला सांगितलं की गिरणीवाला ओल जास्त आहे म्हणून भाव पाडून मागतोय. त्यावर दोघांचं बराच वेळ बोलणं झालं, मी मध्ये पडले नाही. ठरलं असं की निम्मं आत्ता विकून बँकेचं भागवायचं आणि निम्मं कोठारात ठेवून फेब्रुवारीत बघायचं, तोवर पोरांच्या शाळेचे पैसे भाऊ पाठवेल, आणि ताई एप्रिलच्या सोंगक्रानची, म्हणजे थाई नववर्षाची, सुट्टी आत्ताच मागून ठेवतील कारण बसची तिकिटं नंतर मिळत नाहीत. मग त्याने जॅकेट चढवलं, साडेसहा व्हायला आले होते.